‘ट्वायलाइट’वरून मैत्रिणीशी बोलणं बंद झालंय, लग्नाची पत्रिका द्यायला जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी २७ वर्षांची, कोल्हापूरचीच. अकरावीपासूनची एक जिवाभावाची मैत्रीण. कॉलेजात असताना दोघींनी ‘ट्वायलाइट’ या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांच्या मालिकेचे चारही भाग एकमेकींच्या हातातून ओढून घेत वाचले. हिला ती पुस्तकं आजही प्रिय आहेत, मैत्रिणीचं मत मात्र मधल्या काळात पार फिरलं. तीन महिन्यांपूर्वी रंकाळ्यावर चौघीजणी बसल्या असताना विषय निघाला आणि मैत्रीण म्हणाली, “ते प्रेम नाही, पाळत आहे. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला अजून ते आवडतं, याचंच मला नवल वाटतं.” हीसुद्धा काहीतरी ‘लागेल असं’ बोलली. तेव्हापासून बोलणं बंद आहे. आता हिचं लग्न ठरलंय. पत्रिका द्यायला स्वतः जाऊ की दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू, असं विचारते आहे. आणि गेलेच तर ‘माझंही मत आता बदललंय’ असं म्हणून टाकू का?

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. मी इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात २३ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसते आहे. त्यातली १४ वर्षं महिन्यातल्या एका शनिवारी आमचा वाचनकट्टा भरतो, तो मी चालवते. समुपदेशनाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण पुस्तकावरून माणसं कशी दुखावतात आणि परत कशी बोलायला लागतात, हे त्या टेबलामागून पुष्कळ पाहिलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. मत बदललं असं खोटं सांगू नकोस. जिने तुला इतकी वर्षं ओळखलंय तिला ते तुझ्या चेहऱ्यावरच कळेल. आणि समजा नाही कळलं, तरी तुझी एक आवडती गोष्ट तिच्यापासून लपवायची सवय तुला लागेल. आज पुस्तक लपवशील, उद्या दुसरं काही. मैत्री टिकवण्यासाठी म्हणून केलेली ही लपवाछपवीच हळूहळू मैत्रीला पोखरते.

आता मूळ दुखणं. भांडण पुस्तकावरून झालं असं तू लिहिलं आहेस, मला तसं वाटत नाही. मैत्रिणीच्या बोलण्यात दोन वाक्यं आहेत. ‘ते प्रेम नाही, पाळत आहे’ हे पुस्तकाबद्दल आहे. त्यावर तुम्ही रात्रभर भांडला असतात आणि सकाळी मिसळ खायला सोबत गेला असतात. दुसरं वाक्य पुस्तकाबद्दल नाहीच, ते तुझ्याबद्दल आहे, आणि तेही दोन मैत्रिणींच्या देखत बोललेलं. लागलं ते हे. आणखी एक गोष्ट, रागावू नकोस. तिचं वाक्य तू शब्दन्‌शब्द लिहिलंस, स्वतःचं मात्र ‘लागेल असं’ म्हणून दोन शब्दांत उरकलंस. ते काय होतं हे मी विचारत नाही. तुला ते माहीत आहे आणि तिला ते पाठ झालं असणार. म्हणजे तुमच्या दोघींच्या मध्ये दोन वाक्यं पडून आहेत आणि त्यातलं एक तुझं आहे.

नायिकेवर जीव असलेल्या दोघांवरून ‘ट्वायलाइट’च्या वाचकांत जगभर तट पडले होते, एक तिच्या प्रियकराच्या, एडवर्डच्या बाजूचा, एक तिच्या मित्राच्या, जेकबच्या. कोल्हापूरच्या माणसाला तटांचं नवल ते काय? शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉलचे सामने लागले की एका घरातले दोघे भाऊ दोन बाजूंना बसतात आणि रात्री एकाच ताटाला बसून त्याच सामन्यावर वाद घालतात. तुम्ही दोघीही त्या काळात एडवर्ड-जेकब खेळलाच असाल. त्यानं काही तुटलं नाही, कारण तिथं दोन्ही बाजूंना पुस्तक आवडलेलं असतं. ‘हे तुला आवडूच कसं शकतं’ हा प्रश्न आला की खेळ संपतो. तिथं समोरच्याला आपल्या शहाणपणाचा हिशोब द्यावा लागतोय असं वाटायला लागतं.

प्रेमकथा वाचणाऱ्यांना तर हा हिशोब आयुष्यभर द्यावा लागतो. आमच्याकडे पुस्तक किती वाचलं जातंय हे रजिस्टर न उघडता सांगता येतं. मिटलेलं पुस्तक आडवं धरायचं आणि पानांची कड बघायची. जिथं बोटं लागतात तिथं ती काळपट झालेली असते. मागची तारखेची चिठ्ठी शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली असते. अशा दोन-दोनदा बाइंडिंगला गेलेल्या पुस्तकांत प्रेमाच्या कादंबऱ्या किती आहेत ते येऊन बघ. आणि तीच पुस्तकं परत करताना बायका वर एक जाडजूड चरित्र ठेवतात, खाली ही. चांगल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बायकासुद्धा. मी बघून न बघितल्यासारखं करते. ‘तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला’ हे शब्द तुला इतके का लागले, ते मला इथून कळतं. ती जागा आधीपासूनच दुखरी होती.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कट्टा सुरू होऊन वर्षभर झालं असेल. एक बाई एका प्रेमकथामालिकेबद्दल फार मनापासून बोलत होत्या. नवरा आजारी असताना दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी ती वाचली होती. दुसऱ्या एकीनं मध्येच हसून म्हटलं, “अहो, हे वाचायचं वय आहे का तुमचं?” दोघीतिघी हसल्या. मी विषय बदलला आणि चहा आणायला सांगितलं. वाद टळला म्हणून मला बरंही वाटलं. पुढच्या आठवड्यात त्या बाई आल्या, कार्ड टेबलावर ठेवलं आणि अनामत परत मागितली. काही बोलल्या नाहीत. मी सही घेतली आणि पैसे दिले. त्यांना थांबवून एक वाक्य बोलायला हवं होतं, ते मी बोलले नाही. याची रुखरुख अजून आहे.

त्यानंतर कट्ट्यावर मी एक नियम केला, तो आजही चालू आहे. मत सांगायचं असेल तर पान उघडून सांगायचं. ‘मला हे पुस्तक भिकार वाटलं’ चालणार नाही, ‘फार भारी आहे’ हेही नाही. कुठलं पान, तिथं काय झालं आणि ते वाचताना तुला काय झालं, एवढं सांगायचं. वाचणाऱ्याबद्दल एक शब्दही काढायचा नाही.

या नियमाचा उपयोग मी ‘ट्वायलाइट’वरच पाहिलाय. दोन मुली होत्या, दोघी विद्यापीठात शिकणाऱ्या. एकीला मालिका सहन होत नव्हती, दुसरीची ती पाठ होती. पहिलीनं तिसरा भाग उघडला. नायिकेनं जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो, ते पान. ती म्हणाली, “ह्याला काळजी म्हणायचं? उद्या कुणी माझ्या स्कूटीचा प्लग काढून ठेवला तर?” दुसरीनं पुस्तक तिच्याकडून घेतलं आणि पुढचं पान काढलं. तिथं तो आपलं चुकलं हे मान्य करतो, तिला जाऊ देतो, पुढे स्वतः नेऊन सोडतो. “बघ की, बदलतोय ना तो?” मग वाद सुरू झाला तो वेगळाच. चूक कबूल केली की ती पुसली जाते का? मुळात तिच्या जाण्या-येण्याला त्याची परवानगी लागावीच का? त्या बोलण्यात पहिली मुलगी एकदम शांत झाली आणि तिनं सांगितलं, की एक मुलगा वर्षभर तिच्या मागं बसमध्ये चढायचा. घरच्यांना सांगितलं तर कॉलेज बंद होईल म्हणून ती बोललीच नव्हती. एडवर्ड रात्री खोलीत येऊन नायिकेला झोपलेली बघत बसतो, ते पहिल्या भागातलं पान तिला वाचवतच नव्हतं. दुसरीला ती गोष्ट पहिल्यांदाच कळत होती, आणि दोघी एकाच वर्गातल्या होत्या!

तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत असं काही असेलच असं मी म्हणत नाही. असेल, नसेलही. कदाचित तिनं नुसतं वय वाढल्यावर परत वाचलं असेल आणि डोळे वेगळे झाले असतील. पण जे मत एकेकाळी तुझ्याइतकंच पक्कं होतं ते फिरतं तेव्हा मध्ये काहीतरी घडलेलं असतं. ते काय, हे तू तिला विचारलेलं दिसत नाही. ‘पाळत’ हा शब्द तिनं हवेतून काढलेला नाही, त्याला पुस्तकात पानं आहेत. हे मान्य करायला तुझी आवड सोडावी लागत नाही.

तशीच तुझ्या बाजूलाही पानं आहेत. दुसऱ्या भागात एडवर्ड नायिकेला सोडून जातो आणि त्यानंतर काही पानांवर फक्त महिन्याचं नाव छापलंय. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरं. राधानगरीकडची एक मुलगी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली होती. “काकू, ह्यात पानंच छापली नाहीत. दुसरी कॉपी असली तर बदलून घेतो.” (आमच्याकडं मुलीही ‘घेतो’, ‘जातो’च म्हणतात.) मी सांगायच्या आत रांगेतली मागची मुलगी म्हणाली, “अगं, ते तसंच आहे. माझे बाबा गेले तेव्हा माझे चार महिने असेच गेले होते.” पहिलीनं पान परत उघडून बघितलं, बोट फिरवलं त्या कोऱ्या जागेवरून. मग पुस्तक उराशी धरून गेली. ‘ट्वायलाइट’ची भाषा साधी आहे, लांबण पुष्कळ आहे, हे मीही म्हणेन. पण त्या कोऱ्या पानांनी कुणाला तरी आपलं दुःख दाखवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू सोळाव्या-सतराव्या वर्षी त्यात काय पाहिलंस ते तुलाच माहीत. ते खरंच होतं.

माझ्या अनुभवात अशा भांडणांत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पुस्तक चांगलं लिहिलंय का. त्यात जे दाखवलंय ते जगण्यात चांगलं आहे का. आणि त्यानं मला काय दिलं. मैत्रीण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होती, तू तिसऱ्याचं ऐकत होतीस. तिचं बरोबर निघालं म्हणून तुझं चूक ठरत नाही, कारण तुम्ही एका प्रश्नावर भांडतच नव्हता.

हा गुंता आपल्या गावाला नवा नाही. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर १९३८ पर्यंत शिरोड्याला शिक्षक होते आणि मग कोल्हापूरला आले. दोघेही प्रेमावर लिहिणारे, दोघांचे वाचक घराघरांत. आणि ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादात एका टोकाला फडके, दुसऱ्या टोकाला खांडेकर. गोष्टीनं आधी वाचकाला रंगवावं की जगायला काही द्यावं? तुझ्या मैत्रिणीचा आक्षेप आणि तुझी आवड यांच्यातही तेच अंतर आहे. १९४० च्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके होते आणि पुढच्याच वर्षी सोलापूरच्या संमेलनाचे खांडेकर. मराठी वाचकानं दोघांनाही लागोपाठ मान दिला, एकाला निवडून दुसऱ्याला टाकलं नाही. आमच्या जुन्या सभासदांच्या कार्डांवर दोघांचीही पुस्तकं एकाखाली एक लिहिलेली आहेत.

आणखी एक गोष्ट तुझ्या कामाला येईल. नायिका सारखी संकटात सापडते आणि तिला कुणीतरी सोडवावं लागतं, ही टीका लेखिकेपर्यंतही पोचली होती. पहिला भाग २००५ चा. त्याला दहा वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, तिनं तीच गोष्ट मुलाच्या जागी मुलगी आणि मुलीच्या जागी मुलगा घालून परत लिहिली. टीकेला तोंड देण्याचा तिचा हा मार्ग. तो पटतो की नाही यावर तुम्ही दोघी नव्यानं भांडू शकाल, आणि ते भांडण मला आवडेल, कारण त्यात दोघीही वाचक असाल. पण हे सगळं नंतर.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तिनं असं एकदाच, या एकाच विषयावर केलं असेल तर माझा सल्ला सरळ आहे, जा. पण ती तुझे कपडे, तुझी नोकरी, तुझा होणारा नवरा, सगळ्यावरच चारचौघांत असं बोलत असेल तर प्रश्न पुस्तकाचा नाही आणि पत्रिकेनं तो सुटणारही नाही. मग पत्रिका रीत म्हणून दे आणि अपेक्षा कमी ठेव. दुसरं असं, की तिच्याबाबतीत खरोखरच काही घडलं असेल आणि ती सांगायला तयार नसेल, तर खोदून विचारू नकोस. ‘तुला सांगावंसं वाटलं तर मी आहे’ एवढं पुरे. आणि एखाद्या विषयावर बोलायचंच नाही असं दोघींनी मिळून ठरवणं हाही एक चांगला मार्ग आहे. माझी आणि माझ्या सर्वांत जुन्या मैत्रिणीची एका लेखकाबद्दलची मतं कधीच जुळणार नाहीत. आम्ही ते नाव काढत नाही, आणि त्यानं आमचं काही अडलं नाही. फरक एवढाच की ते आम्ही ठरवून केलंय, रुसून नाही.

मेसेजवर काही सोडवायचा प्रयत्न करू नकोस, आणि चौघींच्या ग्रुपवर तर मुळीच नको. लिहिलेलं वाक्य माणूस दहा वेळा वाचतो आणि दर वेळी त्यातला आवाज आणखी कडू होतो. शिवाय उरलेल्या दोघींना पंच व्हावं लागतं. जे चारचौघींत बिघडलं ते दोघींतच नीट होऊ दे.

म्हणून पत्रिका कुणाच्या हाती पाठवू नकोस. स्वतः जा, तिच्या घरी, आणि तिची आई घरी असेल अशा वेळी. आधी रीतसर त्यांच्या हाती पत्रिका आणि अक्षता दे. आपल्याकडं आमंत्रण द्यायला आलेल्या मुलीला उंबऱ्यावरून कुणी परत पाठवत नाही, चहा होतोच. मग तिला म्हण, जरा खाली येतेस का. पुस्तकाचं नाव काढू नकोस. आधी तुझं वाक्य उचल: “त्या दिवशी मी जे बोलले ते मी बोलायला नको होतं.” एवढंच. त्याला ‘पण तूही’ जोडू नकोस. ते जोडलंस तर आधीचं सगळं वाया गेलं. तिच्याकडून लगेच माफीची वाट बघू नकोस. काही माणसांना तोंडानं म्हणायला जमत नाही, ती कृतीतून म्हणतात. तिचा स्वभाव तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तिनंच पुस्तकाचा विषय काढला तर पळू नकोस. “मला ते अजून आवडतं. तुला का नकोसं झालं ते मला ऐकायचंय, पण मला त्यावरून जोखू नकोस,” असं म्हण. नाही काढला तर तूही राहू दे. लग्नाआधी साडी घ्यायला महाद्वार रोडला जाशील तेव्हा तिला बरोबर बोलव, दोघींनाच वेळ मिळेल.

आणि तुझ्याकडं त्या काळची प्रत असेल, तिनं पेन्सिलीनं काही लिहिलेली, पानांचे कोपरे दुमडलेली, तर ती जपून ठेव. सासरी नेणाऱ्या सामानात घाल. कुणी विचारलं तर कुणाबरोबर वाचली होतीस ते सांग.